काय हवा आहे! रेडिंगचं आभाळ निळंशार असताना छाती का भरून येते?

एप्रिलमधली शनिवारची सकाळ होती. आईला साताऱ्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मागच्या बागेत शाल पांघरून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती उभी होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, शेजारच्यांच्या चेरीला फुलं आली होती, गार वारा अगदी हलकाच लागत होता. "काय हवा आहे गं तुमच्याकडे," ती म्हणाली. त्याच वेळी घरात माझा मुलगा त्याचा निळा इन्हेलर शोधत होता. रात्रभर खोकला होता बिचारा. मी फोनवर पाहिलं तर हवेचा आकडा ७, आणि खाली 'हाय' असं लिहिलेलं.

त्या दिवशी आईचंही खरं होतं आणि फोनचंही. ते कसं, हे मला नीट कळायला काही वर्षं गेली. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न दर वसंतात आणि दर नोव्हेंबरात कुणीतरी नव्याने विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी राहते ते रेडिंग. इंग्रजीत 'वाचणे' या अर्थाच्या शब्दासारखंच लिहितात, उच्चार मात्र रेडिंग. लंडनच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर, केनेट नदी थेम्सला मिळते तिथलं हे गाव. आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरं बरीच आहेत. हवामानाच्या जगात मात्र हे लहान गाव फार मोठं आहे. इथल्या विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग नावाजलेला आहे, आणि युरोपीय देशांनी १९७५ मध्ये मिळून उभं केलेलं हवामान अंदाज केंद्रही इथलंच. आपल्याकडे पावसाच्या दिवसांत 'युरोपियन मॉडेल काय म्हणतंय?' असं विचारतात, ते मॉडेल याच केंद्राचं.

मराठीत 'हवा' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. पावसाळी हवा, कुंद हवा म्हणतो तेव्हा ऋतुमान सांगत असतो, आणि श्वास घेतो तीही हवाच. इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे लोक एका ॲपवर पाऊस बघतात आणि दुसऱ्यावर प्रदूषण, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे विसरून जातात. मला आपला एकच शब्द जास्त खरा वाटतो. रेडिंगमध्ये एखाद्या दिवशी श्वासात काय जाणार, याचा निर्णय बहुतेक वेळा आभाळ आणि वाराच करतात.

आधी तो आकडा समजून घेऊ

इंग्लंडचा सरकारी आकडा १ ते १० असतो. १ ते ३ 'लो', ४ ते ६ 'मॉडरेट', ७ ते ९ 'हाय' आणि १० म्हणजे 'व्हेरी हाय'. हे शब्द प्रदूषणाबद्दल आहेत, म्हणजे 'लो' ते बरं. त्यात पाच गोष्टी मोजतात: दोन आकारांची धूळ (पीएम १० आणि पीएम २.५), नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन आणि सल्फर डायऑक्साइड. पाचांची सरासरी काढत नाहीत. जो सगळ्यात वाईट, त्याचाच आकडा दिवसाचा आकडा होतो. शाळेत चार विषयांत पैकीच्या पैकी मिळाले आणि गणितात नापास झालं तर निकाल नापासच लागतो, तसं.

या पाचांत जास्त काळजी पीएम २.५ ची. हे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचवीसावा भाग. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकून, खाकरून बाहेर पडते. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात. पुढे मी त्यांना नुसतं 'बारीक कण' म्हणेन.

रेडिंगमध्ये राष्ट्रीय जाळ्यातली दोन मोजणी केंद्रं आहेत. एक न्यू टाउन भागात, वस्तीत. दुसरं लंडन रोडवर, रहदारीला लागून. त्यांचे तासातासाचे आकडे सरकारच्या 'यूके-एअर' या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात, आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, देतं.

आता जो गोंधळ ग्रुपवर सगळ्यात जास्त होतो, तो. समजा दिवसभरात दर घनमीटर हवेत सरासरी ५७ मायक्रोग्रॅम बारीक कण आहेत. इंग्लंडच्या मोजपट्टीवर हा आकडा ७ येतो, म्हणजे 'हाय'. भारताच्या ० ते ५०० च्या मोजपट्टीवर तीच हवा साधारण ९५ येते, आणि तिथे तिला 'समाधानकारक' म्हणतात. फोनवरची पुष्कळ ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात, तिच्यावर ती दीडशेच्या थोडी वर जाते, म्हणजे 'आरोग्याला अपायकारक'. हवा तीच, कण तेवढेच, आणि तीन फोनवर तीन निकाल. त्यामुळे साताऱ्याचा आकडा आणि रेडिंगचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही. तुलना करायचीच असेल तर ॲपमध्ये खाली जाऊन मायक्रोग्रॅम बघा. त्याला देश नसतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते ती इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बारीक कणांसाठी २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली. इंग्लंडच्या मोजपट्टीवर ३५ पर्यंत 'लो'च दिसतं. दम्याच्या मुलाच्या आईने हिरव्या रंगावर किती विसंबायचं, हे त्यावरून ठरवावं.

रोजचा धूर तेवढाच, मग आकडा उड्या का मारतो?

एम ४ महामार्गावरच्या गाड्या मंगळवारी जेवढ्या, तेवढ्याच बुधवारी. घरांचे बॉयलर तेच, विमानं तीच. तरी मंगळवारी आकडा २ आणि बुधवारी ६ असं होतं.

बंद स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी दिली की काय होतं ते आठवा. मिरच्या तेवढ्याच, पण खिडकी उघडी असली तर एखादी शिंक येते, खिडकी बंद असली तर अख्खं घर ठसकतं. गावाच्या हवेलाही अशा दोन खिडक्या आहेत. एक आडवी, म्हणजे वारा. दुसरी वरची, म्हणजे धूर किती उंच चढू शकतो ती. दोन्ही उघड्या असल्या की घाण पातळ होऊन निघून जाते. दोन्ही बंद झाल्या की ती जिथल्या तिथे साचते.

रेडिंगचा नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. तो अटलांटिक महासागरावरून हजारो किलोमीटर येतो, वाटेत ना गाडी ना धुराडं. म्हणून इथले बरेचसे दिवस १ ते ३ मध्येच जातात, आणि नेमके तेच दिवस लोकांना आवडत नाहीत. राखाडी आभाळ, तिरपा पाऊस, उलटी होणारी छत्री. मी स्वतः पहिली काही वर्षं अशा दिवसांना कंटाळले होते. आता मुलाला घेऊन थेम्सच्या काठाने फिरायला जायला मला तेच दिवस बरे वाटतात.

मग आईच्या त्या निळ्या आभाळाचं काय? आभाळ असं नितळ होतं ते बहुधा उच्च दाबाचं क्षेत्र डोक्यावर येऊन बसल्यामुळे. अशा क्षेत्रात वरची हवा हळूहळू खाली दबत येते. दबताना ती तापते, कोरडी पडते आणि ढग विरून जातात. पण हीच दबणारी हवा झाकणासारखी वर बसते, आणि वाराही पडतो. म्हणजे ज्या कारणाने आभाळ निळं होतं, त्याच कारणाने खालचा धूर कोंडला जातो. हे समजलं तेव्हा मला इथली अर्धी कोडी सुटल्यासारखं वाटलं.

हिवाळा: आडवा पसरलेला धूर

थंडीत भल्या पहाटे आपल्याकडच्या गावात गेलात तर चुलींचा, शेकोट्यांचा धूर घरांच्या कौलांइतक्याच उंचीवर चादरीसारखा पसरलेला दिसतो. वर जातच नाही. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिला टेकलेली हवाही. गार हवा जड, ती तळाशी बसते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा येते. एरवी खाली ऊब आणि वर गारवा असतो, इथे उलटं. म्हणून याला उलटा थर म्हणूया. धूर या थराला भिडतो आणि आडवा होतो.

साताऱ्यात ऊन वर आलं की सकाळी नऊ-दहापर्यंत जमीन तापते, थर मोडतो, धूर उधळून जातो. रेडिंग ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर. साताऱ्यात त्याच दिवशी तो ४९ अंशांवर असतो. आपण 'दिवस कासराभर वर आला' म्हणतो ना, रेडिंगमध्ये डिसेंबरात दिवस कासराभर वर येतो आणि तिथूनच मावळायला लागतो. एवढ्या उन्हात थर मोडत नाही. कधीकधी एक दिवसाचं झाकण तीन-चार दिवस तसंच राहतं. त्यातून गाव दोन नद्यांच्या खोऱ्यात. रात्री आजूबाजूच्या चढांवरची जड गार हवा घरंगळत नदीकडे येते. थेम्सपलीकडच्या कॅव्हरशम भागाच्या वरच्या अंगाला स्वच्छ ऊन आणि खाली पुलावर धुकं, असं चित्र हिवाळ्यात दिसतं.

अशाच झाकणाखाली १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांना, लंडन गुदमरलं. घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या, वीजकेंद्रंही कोळशाची, आणि वर उलटा थर. तेव्हा साधारण ४ हजार माणसं दगावल्याचा अंदाज होता, नंतरच्या अभ्यासांनी तो १२ हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. नंतर कोळसा घरांतून हळूहळू गेला, आणि शेवटी इंग्लंडमध्ये घरगुती जळणासाठी पिशवीतला साधा कोळसा विकणं २०२१ मध्ये आणि सुटा विकणं २०२३ मध्ये बंद झालं.

तरी नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत धुराचा वास येतो तो लाकडाचा. लाल विटांच्या जुन्या ओळघरांत लोकांनी हौसेने लाकडाच्या शेगड्या बसवल्या आहेत. शेगडीसमोर बसलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याचा धूर त्याच्या छपरावरून निघून शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. हवा कोंडलेल्या रात्री गल्लीत अशी चार घरं असली तरी पुरतात. देशभरातल्या बारीक कणांच्या मोठ्या स्रोतांत आज घरातलं जळण येतं, हे इथल्याही बऱ्याच लोकांना माहीत नसतं. नियम आहेत: कमी प्रमाणात विकलेल्या लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी, त्यावर 'रेडी टू बर्न' असा शिक्का असतो, आणि धूरबंदीच्या भागात धुराड्यातून धूर निघाला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. पण रात्री आठ वाजता अंधारात कुणाच्या धुराड्यातून किती धूर येतोय, हे बघायला येणार कोण?

५ नोव्हेंबर आणि आपली दिवाळी

१६०५ मध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून इथे ५ नोव्हेंबरला होळ्या पेटवतात आणि फटाके उडवतात. आपली दिवाळीही त्याच्या आसपासच येते. एरवी रात्री अकरानंतर फटाक्यांना बंदी असते, दिवाळीला मात्र कायद्यानेच रात्री एकपर्यंत परवानगी आहे. मला त्या सवलतीचं अप्रूप आहे, पण माझ्या घरी ती वापरत नाही, कारण या दिवसांत झाकण बसण्याची शक्यता वाढलेली असते.

या रात्रींचा आकडा लोकांना फसवतो. बारीक कणांचा इंग्लंडचा आकडा २४ तासांच्या सरासरीवरून ठरतो. संध्याकाळी सात ते अकरा हवा धुराने दाटली आणि उरलेले वीस तास ठीक होती, तर सरासरीत तो धूर विरघळून जातो आणि आकडा 'मॉडरेट'च्या पुढे जात नाही. फुप्फुसाला मात्र सातच्या ठोक्याला जे मिळालं ते मिळालं. म्हणून त्या रात्री दिवसाचा आकडा न बघता तासाचा बघावा.

एप्रिलचं कोडं: शेतातून आलेली धूळ

आता त्या शनिवारकडे येते. एप्रिलमध्ये शेगड्या विझत आलेल्या असतात, ऊन बऱ्यापैकी असतं, मग ७ कुठून आला?

उत्तर पूर्वेकडून आलं. वसंतात पश्चिमेचा वारा बरेचदा थांबतो आणि पूर्वेचा, युरोपातून येणारा वारा सुरू होतो. हाच काळ तिकडे आणि इंग्लंडमध्ये शेतात खत टाकायचा. गोठ्यांतली स्लरी (शेणमुताचा पातळ काला) आणि रासायनिक खतं यांतून अमोनिया वायू सुटतो. गोठ्यात शिरताना डोळ्यांना झोंबतो, तोच. ब्रिटनमधला दहातला आठ भागांहून जास्त अमोनिया शेतीतून येतो. तो वाहता वाहता गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरापासून तयार झालेल्या आम्लाच्या वाफेला भेटतो आणि दोन अदृश्य वायूंपासून घन कण तयार होतात: अमोनियम नायट्रेट. आपल्या शेतकऱ्यांना खत म्हणून हे नाव ठाऊक आहे. इथे ते हवेत तयार होतं, आणि आकाराने नेमकं बारीक कणांत बसतं. कडक उन्हाळ्यात हे कण परत वायू होऊन जातात, म्हणून मार्च-एप्रिलचा थंड पण उजेडी काळ त्यांचा हंगाम.

२०१४ च्या मार्च अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला आग्नेय इंग्लंडच्या काही भागांत आकडा १० वर गेला. गाड्यांच्या टपांवर तांबूस धूळ बसली होती आणि सगळ्या बातम्यांत एकच नाव होतं, सहारा वाळवंट. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी सकाळचं धावणं टाळल्याचं सांगितलं होतं. सहाराची धूळ आली होती हे खरं. पण नंतर शास्त्रज्ञांनी त्या दिवसांचा हिशेब मांडला तेव्हा मोठा वाटा युरोपातल्या शेतीतून आलेल्या अमोनियम नायट्रेटचा निघाला. वाळवंटाची धूळ टपावर दिसली, म्हणून दोष तिच्यावर गेला. शेतातली धूळ डोळ्यांना दिसलीच नाही.

आमच्या बागेत उभी राहून आई ज्या हवेचं कौतुक करत होती ती थेम्सकाठची नव्हतीच. दोन दिवसांपूर्वी ती बेल्जियम किंवा जर्मनीतल्या एखाद्या शेतावर असू शकेल.

उन्हाळा: हवेला लागलेलं विरजण

उन्हाळ्यात ओझोन त्रास देतो. उंचावरचा ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, तो चांगला. जमिनीलगत तोच वायू छातीत जळजळ करतो आणि दमा उठवतो.

ओझोन कुठल्याही नळकांड्यातून बाहेर पडत नाही, तो विरजणासारखा लागतो. गाड्यांचा नायट्रोजनचा धूर हे दूध. रंग, पेट्रोल, इतकंच नाही तर झाडांतूनही उडणाऱ्या वाफा हे विरजण. आणि कडक ऊन ही ऊब. दही लागायला जसे तास लागतात तसे ओझोनलाही, आणि तोवर हवा पुढे सरकलेली असते. उकाड्याच्या दिवशी पूर्वेचा वारा असेल तर लंडनचा सकाळचा धूर पश्चिमेला वाहत येतो आणि दुपारपर्यंत रेडिंगच्या आसपास त्याचा ओझोन झालेला असतो.

यात एक चक्रावणारी गोष्ट आहे. भर रहदारीच्या चौकात ओझोन कमी मिळतो आणि गावाबाहेरच्या हिरव्या शेतांत जास्त. गाडीतून नुकताच निघालेला ताजा धूर आजूबाजूचा ओझोन खाऊन टाकतो. म्हणून 'उकडतंय, मुलांना जरा मोकळ्या हवेत गावाबाहेर नेऊ' हा अगदी शहाणा वाटणारा बेत दुपारी तीन वाजता उलटा पडू शकतो. सकाळी जा. ओझोन दुपारी आणि उतरत्या संध्याकाळी सगळ्यात जास्त असतो.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनच्या इतिहासात ४० च्या वर पारा गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. विदर्भातल्या माणसाला ४० चं कौतुक नसेल, पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखासुद्धा नसलेली. अशा दिवसांची संख्या वाढली तर विरजणाला ऊबही वाढत जाणार.

आकड्यात न येणारी गोष्ट: पराग

मे अखेरीपासून जुलैपर्यंत गवताचे पराग उडतात. इथे आल्यावर दोन-चार उन्हाळे काही होत नाही आणि मग अचानक डोळे चुरचुरायला लागतात, शिंकांची माळ लागते, असं आमच्यातल्या पुष्कळांचं झालं आहे. आपण त्याला सर्दी समजून काढा पीत राहतो. ही परागांची ॲलर्जी, आणि प्रदूषणाच्या १ ते १० च्या आकड्यात ती मुळीच धरलेली नाही. परागांचा अंदाज मेट ऑफिस वेगळा देतं. आकडा २ असलेल्या दिवशीही मूल बेजार होऊ शकतं, ते यामुळे.

पराग आणि वादळी हवा एकत्र आली की काय होतं ते २४ जून १९९४ च्या रात्री दिसलं. वादळी पाऊस आला आणि लंडनसह आग्नेय इंग्लंडमधल्या इस्पितळांत दम लागलेल्या माणसांची रीघ लागली. यातल्या बऱ्याच जणांना आधी दमा नव्हता, फक्त परागांचा त्रास होता. वादळातल्या ओलाव्याने परागकण फुटले, त्यांचे तुकडे बारीक कणांसारखे छातीत खोल गेले. आभाळ भरून आलं की पावसाचा पहिला वास घ्यायला आपण दारात जातो, ती आपली सवयच आहे. पण जूनमध्ये, परागांची ॲलर्जी असेल तर, तेव्हा आत थांबावं.

'इंग्लंडात सारखा पाऊस, मग हवा धुऊन निघत नाही का?'

रेडिंगला वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या वर. हे सांगितलं की कुणाला पटत नाही! फरक असा की पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, रेडिंगचा वर्षभरात शंभराहून जास्त दिवसांत झिरपत राहतो. मोठ्या थेंबांची सर मोठी धूळ खाली आणते, पण झिमझिम पावसातून बारीक कण सहज निसटतात. पावसानंतर हवा सुधारते ती मुख्यतः पावसाबरोबर आलेल्या वाऱ्यामुळे. वाऱ्याशिवायचं नुसतं ओलसर धुकं असेल तर उलट त्रास वाढतो.

'आपल्याकडच्या मानाने हे किरकोळच नाही का?'

वर्षाची सरासरी पाहिली तर रेडिंगची हवा मुंबई-पुण्यापेक्षा नक्कीच चांगली आहे, यात वाद नाही. गाड्या सुधारल्याने नायट्रोजन डायऑक्साइड इथल्या रस्त्यांवर कमी होत आला आहे. पण ज्याच्या छातीला त्रास आहे त्याला सरासरीचा उपयोग नसतो. लंडनच्या लुइशममध्ये मोठ्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये अशी नोंद त्याआधी कुणाच्या नावावर झाली नव्हती. हे वाचल्यापासून 'किरकोळ' हा शब्द मला वापरता येत नाही.

इंग्लंडने २०२३ मध्ये कायद्याने ठरवलं की २०४० पर्यंत बारीक कणांची वर्षाची सरासरी १० मायक्रोग्रॅमवर आणायची. जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. माझा मुलगा २०४० मध्ये मिसरूड फुटलेला तरुण असेल, त्याची फुप्फुसं आज वाढताहेत.

'मग खिडक्या लावूनच बसायचं का?'

नाही, आणि आपल्या घरांत तर मुळीच नाही. इथली घरं ऊब राखण्यासाठी गच्च बंद असतात. त्यात आपण फोडण्या देतो, पुऱ्या तळतो, उदबत्ती लावतो, आणि हिवाळ्यात ओले कपडे आतच रॅकवर वाळत घालतो. तळणाच्या वेळी स्वयंपाकघरातले बारीक कण बाहेरच्या वाईट दिवसापेक्षाही वर जाऊ शकतात, आणि कपड्यांच्या ओलीने भिंतीला काळी बुरशी धरते. ती दम्याला वेगळीच वाईट.

एक काम आजच करा: गॅसवरचा धूर ओढणारा पंखा हवा बाहेर टाकतो का, ते बघा. पुष्कळ फ्लॅटमध्ये त्याला बाहेर जाणारी नळीच नसते, तो हवा गाळतो आणि पुन्हा आतच सोडतो. तसं असेल तर तळताना खिडकी उघडण्याला पर्याय नाही. हिवाळ्यात घरभर हवा खेळवायची तर दुपारी बारा ते दोनच्या मध्ये दहा मिनिटं पुरतात, तेव्हा झाकण जरा तरी वर गेलेलं असतं. संध्याकाळी सहानंतर, शेगड्या पेटल्यावर, खिडकी लावावी. शाळेत चालत जाताना लंडन रोडऐवजी एक गल्ली आतून जावं. वाट दोन मिनिटांनी वाढते, पण गाड्यांचा धूर पुष्कळ कमी लागतो.

आई त्या वर्षी सहा महिने राहिली आणि ऑक्टोबरात परत गेली. तोवर ती ॲप बघायला शिकली नव्हती, पण संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून समोरच्या धुराड्याकडे बघायची सवय तिला लागली होती. जायच्या आदल्या आठवड्यात एका थंड, निवांत संध्याकाळी ती आत आली आणि बैठकीची खिडकी लावून घेतली. मी फोन बघितला, आकडा २ होता. "बघ बाहेर," ती म्हणाली. समोरचा धूर छपरापासून हातभर वर चढला होता आणि तिथून आडवा होऊन, सुतासारखा सरळ, आमच्या घराकडे येत होता.